चहातलं काहीतरी

दि. ३ जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

फोनच केला असता, पण सूनबाईचे कान फार तिखट. हे पत्र वाचून फाडून टाक.

मुलगा जहाजावर, घरात आम्ही दोघीच. वीज रोज दुपारी तीन तास जाते. मुलानं जाण्यापूर्वी घेऊन दिलेला जनरेटर सूनबाई सुरू करते आणि नेमकी तेव्हाच मला चहा आणून देते. तासाभरात डोकं फुटायला लागतं, मळमळतं, पाय लटपटतात. वीज असली की मात्र त्याच चहानं काही होत नाही! यंत्राच्या आवाजात कपात काय ढवळलं ते मला कळू नये, हा तिचा डाव. परवा गुपचूप कप बदलले, तरी डोकं दुखलंच. आता माझा संशय साखरेवर आहे.

महिनाअखेर मुलगा आला की हिला कायमची माहेरी पाठव म्हणून सांगणार आहे. तू साक्षीला ये.

लोभ असू दे आणि तोंड बंद असू दे.

तुझी आक्का

दि. ६ जून

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझा फोन नेहमीसारखा बंद. सूनबाईचा नंबर तू मला कधी दिलाच नाहीस. म्हणून माझ्या वर्कशॉपच्या ड्रायव्हरच्या हाती हे पाठवतोय. तो दारात उभा असतानाच वाच.

जनरेटर कुठे ठेवलाय? घरात, गॅलरीत, जिन्याखाली, कुठेही आडोशाला असेल तर आत्ता बंद कर आणि दोघी बाहेर मोकळ्या हवेत जा. मग याच गाडीतून डॉक्टरकडे. जनरेटरच्या धुरात विषारी वायू असतो, त्याला ना वास ना रंग. नुसती खिडकी उघडून भागत नाही.

यंत्र घरापासून निदान वीस फूट लांब हवं, धुराचं तोंड दारं-खिडक्यांकडे नको. पेट्रोल भरायचं ते बंद करून, पूर्ण गार झाल्यावरच. आणि त्याची वायर भिंतीतल्या प्लगात खुपसायची नाही, वीज उलटी बाहेर जाऊन तारांवर काम करणारा माणूस मरेल. वायूचा सुगावा लागला की वाजणारी घंटा सोबत पाठवतोय, ती झोपायच्या खोलीत लाव.

साखरेचा नाद सोड. निदान माझ्यावर लोभ करायला तरी धडधाकट राहा.

तुझा धाकटा

दि. ९ जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

यंत्र अंगणातच होतं रे. शेजारचा शिंपी त्याच्याकडे टक लावून बघायचा, म्हणून महिन्यापूर्वी मीच ते बंद पडवीत आणायला लावलं. सूनबाई बाहेरच ठेवू म्हणत होती. मला वाटलं, ही शिंप्याला सामील.

दवाखान्यात दोघींना ऑक्सिजन लावला. जरा सावरून बसल्यावर तिला सगळं सांगितलं, कप बदलल्याचंसुद्धा. मला फार लाज वाटली. तिला आधी हसू आलं, मग रडू. म्हणाली, तिलाही रोज गरगरायचं, आणि मीच तिच्या पाण्यात काहीतरी घालते अशी तिची खात्री होती. महिनाभर ती नळाला तोंड लावून पाणी पितेय.

तिला चौथा महिना आहे. माझ्या भीतीनं तिनं तो माझ्यापासून लपवला होता. डॉक्टर म्हणाले, बाळाचे ठोके लागतायत, पण आणखी तपासण्या झाल्याशिवाय काही सांगता येणार नाही.

यापुढे लोभ दोघींवर असू दे. तिच्यावर जरा जास्त.

आक्का