आयरिशपणाचा राजीनामा

एडिसन (न्यू जर्सी), १० मार्च

चि. भावना हिस अ. उ. आ.

एका हातानं शिडी धरली आहे आणि दुसऱ्या हातानं हे लिहिते आहे, म्हणून अक्षराला नावं ठेवू नकोस. शिडीवर तुझे काका आहेत. बाल्कनीला हिरवं तोरण बांधत आहेत. फोन केला असता, पण माझा फोन लागला की ते जवळ येऊन स्पीकर लावतात.

तुझ्या डेक्लननं दिवाळीला त्यांना लाळ तपासायचा डबा भेट दिला होता, त्याचा निकाल आला. पूर्वज कुठले ते त्यात कळतं. काका अठ्ठ्याण्णव टक्के आपल्याकडचे निघाले आणि दोन टक्के आयर्लंडचे. अठ्ठ्याण्णवांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. लॅबची चूक असेल असं मी म्हटलं, तर म्हणाले की माझे घारे डोळे काय लॅबनं दिले? आयरिश लोक बटाट्यावरच जगतात म्हणे, त्यामुळे बटाट्याची भाजी लहानपणापासून का आवडते, याचाही त्यांना उलगडा झाला आहे. हिरवा हा आयरिश लोकांचा रंग, म्हणून हिरवा स्वेटर धुवायला मागितला तर देत नाहीत.

आयरिश माणसं उठताबसता आशीर्वाद देतात असं त्यांनी कुठं तरी वाचलं. आता किटली ठेवली की किटलीला आशीर्वाद, गाडी सुरू झाली की गाडीला, शेजारच्या कांचनताईंचा कुत्रा शिंकला की त्याला. परवा मेथी वाढली तर ताटावर हात धरून म्हणाले, या घरातली मेथी कधी न संपो. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या भाजीबद्दल ऐकलेलं हे पहिलं बरं वाक्य. मी मेथी पुन्हा आणली.

इथवर ठीक होतं. काल त्या वेबसाइटनं त्यांना एक दूरचा नातलग दाखवला. ती निघाली डेक्लनची आजी, नोरा. आधी टाळ्या वाजवल्या. मग मटकन खाली बसले. म्हणाले, म्हणजे डेक्लन आपल्याच कुळातला. एका कुळातली मुलं भाऊबहीण. त्याचं आणि भावनाचं जूनमधलं लग्न सगोत्र होतंय. मी हसले. ते हसले नाहीत. त्यांनी गुरुजींना फोन लावला. वराच्या घरचे आपल्या कुळातले निघाले तर काय करायचं, एवढंच विचारलं. गुरुजींनी रीत सांगितली की मुलगी दुसऱ्या गोत्रात दत्तक द्यायची, आणि दत्तक घेणाऱ्यानंच कन्यादान करायचं. दुसऱ्या गोत्राचं जवळचं माणूस एकच आहे, क्युपर्टिनोचा तुझा कुमारमामा.

फोन ठेवल्यापासून किटलीलाही आशीर्वाद नाही. तोरण मात्र बांधतायत. शिडी हलायला लागली, आवरते.

लोभ आहेच, त्याला वाढू दे. उत्तर त्यांना लिही, मला नको.

तुझी,
काकू


बॉथेल (सिॲटलजवळ), १६ मार्च

ती. काका यांस शि. सा. न. वि. वि.

काकूचं पत्र मिळालं. आधी अभिनंदन. इथल्या ऑफिसात मी सांगितलं की माझे काका आयरिश आहेत. एचआरनं मला हिरवा कपकेक दिला.

काल नोराआजीकडे गेले होते. वाकून नमस्कार केला, तर तिला वाटलं माझं काही तरी खाली पडलं. तीही शोधायला वाकली आणि आमची डोकी आपटली. मग दोघींनी कपाळाला बर्फ लावून चहा घेतला. सगोत्र म्हणजे काय हे समजावण्यात दोन कप गेले. समजल्यावर तिला नवल वाटलं नाही. तिच्या आईच्या गावात म्हणे सगळेच एकमेकांचे चुलत होते. लग्न ठरलं की फादरकडे जाऊन परवानगी मागायची. तो कपाळाला आठ्या घालून परवानगी द्यायचा आणि मग जेवायला थांबवायचा, कारण तोही चुलतच.

काका, आता सरळ लिहिते. आईबाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तुम्ही मला एडिसनला आणलंत. शाळेत वडिलांना बोलावलं की तुम्ही यायचात, आणि टीचरसमोर माझ्यापेक्षा जास्त घाबरायचात. लग्नात माझ्या शेजारी पाटावर कोण बसणार, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. आता काकूच्या पत्रात वाचते की तो प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर कुमारमामा आहे.

मामा मला आवडतो. पण बोहल्यावर आणायचं काम त्याचंच असतं. आणणारा तो आणि देणाराही तो, म्हणजे बिचारा मांडवभर पळत राहील. डेक्लनला हे सांगितलं तर तो म्हणाला की मीच दत्तक जातो, काकूकडे. त्याला मेथी आवडते. मी त्याला म्हटलं, मग तर तू माझा सख्खाच चुलतभाऊ होशील. तो बसून विचार करतोय.

पाटावर मला तुम्ही हवे आहात. ते जमत नसेल तर मी कोर्टात जाऊन सही करीन. तिथं गोत्र विचारत नाहीत. तुम्ही आयरिश राहा किंवा मला देणारे व्हा. दोन्ही जमलं असतं तर मला आनंदच होता, पण तुमच्याच नियमात ते बसत नाही.

माझ्यावर जी माया आहे ती आहे तेवढीच पुरे, कमी करू नका.

तुमची,
भावना


एडिसन, २३ मार्च

चि. सौ. कां. भावना हिस अ. उ. आ. तुझी किटली कधी थंड न पडो आणि तुला दाराशी पार्किंग मिळो.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. तुझ्या काकूनं तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचून दाखवलं, गरज नसताना.

कुमारचा फोन आला होता. त्यानं होकार कळवला. मी विचारलं नव्हतं. बहुधा गुरुजी बोलले. त्यानं जांभळा रेशमी कद मागवला आहे, पुण्याहून. कन्यादानाचं पाणी ड्रोननं वरून सोडता येईल का, याचीही तो चौकशी करतो आहे. पाणी सोडायला बायको असते असं मी म्हटलं. तर म्हणाला, तिचा हात कापतो, ड्रोनचा कापत नाही.

एकाहत्तराव्या वर्षी आपण आणखी कुठले तरी निघतो, याचा आनंद तुला कळायचा नाही. मी ज्या गल्लीत जन्मलो तिथंच शिकलो. लग्नही पलीकडच्या बिल्डिंगमधल्या मुलीशी झालं. इथं येऊन इतकी वर्षं झाली, तरी आरशात दिसायचा तो त्याच गल्लीतला माणूस. मला वाटायचं, आपलं सगळं माहीत करून झालं आहे. मग एका सकाळी कळलं की थोडं शिल्लक होतं. मी फार खूष होतो.

पण नियम नियम आहे. तो मी काढला, तर तो मलाही लागू. रात्री डोळे मिटून तुझ्या शेजारी पाटावर कुमारला बसवून पाहिलं. बसेना. कद नेसवूनही पाहिला.

म्हणून निर्णय घेतला आहे. सोबत आयरिशपणाचा राजीनामा जोडला आहे. नोराबाई त्या घराण्यात सर्वांत वडील, म्हणून त्यांच्या नावे लिहिला आहे. इंग्रजीत आहे. कारण म्हणून कौटुंबिक जबाबदारी दिली आहे. एक महिन्याची नोटीस दिली आहे. आयुष्यभर नोकरी केली, असा न सांगता निघून जाणार नाही. त्यांच्या हाती दे आणि पोच घे.

स्वेटर धुवायला टाकला आहे. तोरण उतरवलं.

आहे तो जिव्हाळा तसाच चालू ठेव.

तुझा,
काका


बॉथेल, ३० मार्च

ती. काका आणि सौ. काकू यांस शि. सा. न. वि. वि.

राजीनामा नोराआजीच्या हाती दिला. तिनं चष्मा लावून वाचला, पुसून पुन्हा वाचला. हे खरंच आहे का, असं तिनं मला विचारलं. खरंच आहे म्हटलं. चष्मा काढून तिनं कागदाची घडी घातली. तिच्या घराण्यातून माणसं जमिनीवरून भांडून गेली, दारूपायी गेली, एक जण गाईवरून गेला. पण नोटीस देऊन कुणी गेलं नव्हतं, असं म्हणाली. आणि ज्याला एवढी रीत कळते, त्याला ती कशी सोडणार?

राजीनामा नामंजूर झाला आहे.

मग तिनं ईस्टरचं एक कार्ड काढलं. आतलं छापील खोडलं आणि स्वतः लिहिलं. गावातला फादर द्यायचा तशीच परवानगी आहे. घराण्यातली वडील या नात्यानं तिनं या लग्नाला संमती दिली आहे, नातं असलं तरी. खाली लिहिलंय की मुलीला देईल तो तिला वाढवणाराच, दुसरा कुणी नाही. त्यावर बाटलीतलं मंत्रलेलं पाणी शिंपडलं. शिक्का नव्हता म्हणून चहाच्या कपाचा ओला तळ दाबला. कार्ड सोबत आहे. काकू, ते पुसू नकोस, तो डाग नाही, मोहर आहे.

आणखी एक. ती तुमच्याहून मोठी आहे, तेव्हा नोराबाई म्हणायचं नाही, ताई म्हणायचं. हे मी सांगितलं. तिला आवडलं.

उत्तर लवकर पाठवा. तुमचे आशीर्वाद असेच येत राहोत.

तुमची,
भावना


एडिसन, ५ एप्रिल

चि. भावना हिस अ. उ. आ.

कार्ड आज आलं. त्यांनी उभ्यानंच वाचलं आणि लगेच गुरुजींना फोन करून शब्दन् शब्द ऐकवला. गुरुजींनी विचारलं, या आजी वराच्या कोणाकडच्या? आईची आई, असं यांनी सांगितलं. तेव्हा गुरुजी म्हणाले की गोत्र बापाकडून येतं, आजीचा इथं संबंधच नव्हता, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. मी कपाळावर हात मारला. तुझे काका मात्र शांतपणे म्हणाले की पळवाटेनं ते पाटावर बसणार नाहीत. ताईंनी रीतसर परवानगी दिली आहे, त्या परवानगीवर बसतील.

मग बाल्कनीत जाऊन उभे राहिले. पाठ माझ्याकडे होती. मी गेले नाही.

डेक्लनला आशीर्वाद. दत्तकाचा विचार सोड म्हणावं. मेथी तशीही मिळेल. प्रेम कळवत राहा, एवढंच मागणं.

तुझी,
काकू

ता. क. पाकीट रात्री बंद करायचं राहिलं होतं. आज सकाळी त्यांनी कुमारला फोन केला, बोहल्यावर आणणं तेवढं तुझं, असं सांगितलं, आणि लग्नासाठी आमची सिॲटलची दोन तिकिटं काढली.