शुफाची मुलगी

प्रिय झुवेना,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर माझं नाव, 'शेवाळवाल्या बायका' आणि गावाचं नाव, एवढाच पत्ता होता, तरी ते पोचलं. मी ओहोटीच्या पाण्यात गुडघाभर उभी राहून दोरीला शेवाळाचे झुबके बांधत होते. नाखवा माकामे होडीतूनच ओरडला, "हिदाया, गोऱ्यांच्या मुलखातून टपाल आलंय. तिकडे कोण गं तुझं?" बायकांना तेवढंच हवं होतं. बी मोझा म्हणाली, "घ्या, हिची पळून जायची सोय झाली. आता हिच्या दोऱ्या कोण बांधणार?" मीही हसले. मग अक्षर पाहिलं. नावाखाली लांब शेपूट ओढायची तुझी शाळेतली सवय अजून गेलेली नाही. पत्र न उघडताच मी कमरेच्या कापडात खोचलं आणि दोऱ्या बांधत राहिले. एकही गाठ धड बसली नसावी, कारण दुसऱ्या दिवशी माझ्या वाफ्यातलं निम्मं शेवाळ वाहून गेलं होतं.

तू लिहितेस की नाताळच्या सुट्टीत तू, योनास आणि दोन मुलं येताय. मोठ्या उंगुजा बेटाचे किनारे आता खुर्च्यांनी आणि छत्र्यांनी भरून गेलेत, म्हणून आपल्या पेम्बा बेटावर यायचं ठरवलंय. पांढऱ्या वाळूचा, शांत, कुणी काही विकायला येणार नाही असा किनारा तुला हवाय, आणि असे किनारे माझ्याइतके कुणाला ठाऊक असणार, असं तू म्हणतेस. मग अगदी शेवटी, सही करायच्या आधी, एक ओळ लिहिलीस की सुट्टीतला एक दिवस घरी यायचं आहे, आईला मुलं दाखवायची आहेत. आई कशी आहे हे विचारलं नाहीस. ती असेलच असं धरून चाललीस. ती आहे. तुझ्या त्या एका दिवसाबद्दल मला लिहायचं आहे, पण आधी किनारे सांगते. ते सोपं आहे.

दक्षिणेची खाडी ओलांडून कांदळवनातून होडी नेली की पलीकडे एक लांब किनारा लागतो. वाळू इतकी बारीक की पायाखाली कुरकुरते, कसाव्याचं पीठ चाळून पसरल्यासारखी दिसते. तिथं गोड्या पाण्याची विहीर नाही म्हणून वस्ती नाही आणि वस्ती नाही म्हणून शांतता. प्यायचं पाणी बरोबर न्या. दुसरी जागा म्हणजे ओहोटीला समुद्रातून वर येणारा वाळूचा पट्टा. तिथं तुम्हाला माकामे नेईल. तो पाहुण्यांना तिथं सोडून येतो आणि आम्हाला सांगतो, "आजची सुकट वाळत घालून आलोय, भरतीच्या आधी गोळा करीन." थट्टा करतो, पण वेळेला कधी चुकलेला नाही. मुलांना पाण्यात बूट घालूनच उतरव. पायात काटे मोडणारे ते काळे काटेरी गोळे अजून तसेच आहेत आणि मुलांच्या तळव्यांना आपल्यासारखी जाड कातडी नसेल. डिसेंबरात उत्तरेचा वारा सुरू होतो, सकाळी पाणी काचेसारखं असतं. तुमची सुट्टी छान होईल. हे मी मनापासून लिहितेय.

आपल्या गावामागचा, टेकडीखालचा किनारा अजून आहे का, असंही तू विचारलंस. जिथं आपण कासवांची अंडी हुडकायचो तो. आहे. पूर्वीपेक्षाही शांत आहे, कारण आता गावातलं कुणी तिकडे जात नाही. तूही जाऊ नकोस.

तू उंगुजातलं काम सोडून योनासबरोबर निघून गेलीस त्याला बारा वर्षं झाली. वडील गेले तेव्हा तू काम करायचीस त्या हॉटेलात आम्ही निरोप पाठवला. तो तुला मिळाला की नाही, मला आजही माहीत नाही. त्यानंतर आई रोज धक्क्यावर जायला लागली. उंगुजाहून होडी आली की मासळी घ्यायच्या निमित्तानं उभी राहायची, भाव विचारायची आणि उतरणाऱ्यांची तोंडं बघत बसायची. मासळी न घेताच परत यायची. काही वर्षांनी कोळी तिला भाव सांगेनासे झाले. एकदा भर बाजारात बी मोझा तिला म्हणाली, "शुफा, तुला हवी ती मासळी केव्हाच दुसऱ्याच्या जाळ्यात गेली. कशाला पायपीट करतेस?" बायका हसल्या. आईही त्यांच्याबरोबर हसली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तिला झोप येत नसे. मी कूस बदलली की ती विचारायची, "होडी आली का?"

चार वर्षांपूर्वी दक्षिणेचा वारा जोरात असताना उंगुजाहून निघालेली एक भाड्याची होडी उलटली. त्या होडीत कोण बसलं होतं हे नीट कुणालाच माहीत नव्हतं. बुडालेली माणसं बरेच दिवस इकडेतिकडे किनाऱ्याला लागत राहिली. टेकडीखालच्या पांढऱ्या वाळूवर एक बाई आली. माकामेला ती दिसली. चेहरा उरलेला नव्हता. तेवढं सांगते, बाकीचं सांगत नाही. अंगाला मात्र कांग्याचं छापील कापड घट्ट गुंडाळलेलं होतं आणि ते माकामेनंही ओळखलं. तू हॉटेलातल्या कामासाठी उंगुजाला निघालीस तेव्हा आईनं कांग्याची नवी जोडी आणली होती, दुकानातून येते तशी अखंड. ती तिनं मधोमध कापली, अर्धी स्वतःला ठेवली आणि अर्धी तुझ्या खांद्यावर टाकली. घरात दुसरा दोरा नव्हता म्हणून दोन्ही तुकड्यांच्या कडा तिनं जाळ्याच्या निळ्या दोऱ्यानं शिवल्या होत्या. ती निळी शिवण अख्ख्या बेटावर दुसऱ्या कुणाच्या कांग्याला नव्हती.

त्या बाईला आपल्या अंगणात आणलं. आडोसा करून आईनं तिला स्वतःच्या हातांनी आंघोळ घातली. मी पाणी ओतत होते आणि भिंतीकडे बघत होते, माझ्यानं दुसरीकडे बघवलं नाही. आईला खूप वेळ लागला. तिनं पाय धुतले, बोटांच्या बेचक्या धुतल्या, केसांतली वाळू काढली. शेवटी बाहेर येऊन म्हणाली, "माझीच आहे." पुरुष मातीला निघाले, तेव्हा रिवाजाप्रमाणे मशिदीतला शेख दाराशी येऊन विचारून गेला, मुलीचं नाव काय आणि तिच्या आईचं नाव काय. माती लोटल्यावर कबरीपाशी बसून त्याला तिला हाक मारायची असते, अमकीच्या मुली म्हणून, आणि आता फरिश्ते तुला विचारायला येतील तेव्हा काय उत्तर द्यायचं ते समजावायचं असतं. आई म्हणाली, "झुवेना. शुफाची मुलगी."

चटईवर बसून आईनं शोक केला. सगळं गाव येऊन गेलं. बी मोझा तर आईच्या पायाशी बसून रडली आणि बाजारात बोलल्याची माफी मागून गेली. वर्षाचं कुराणपठण झालं, लोकांना भात वाढला. आणि झुवेना, आई झोपायला लागली. तिनं धक्क्यावर जाणं सोडलं. खाडीच्या चिखलात पुरून ठेवलेली नारळाची सोडणं काढून ती पुन्हा बडवायला लागली, तिचं सुंभ पुन्हा गावात सगळ्यांत चांगलं म्हणून विकलं जाऊ लागलं. तुझ्या लहानपणच्या गोष्टी ती सांगते, अगदी हसून सांगते. माणूस गेलं की त्याच्याबद्दल बोलता येतं. तू नुसतीच गेली होतीस तेव्हा घरात तुझं नाव निघत नव्हतं.

अशा घरात मी तुझं पत्र घेऊन गेले. वाटेत मी पळतच होते. मला इतका आनंद झाला होता की आपण काय करतोय याचा विचारच केला नाही. आई परसात सोडणं बडवत होती. मी तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, "आई, घाबरू नकोस. आपण पुरली ती झुवेना नव्हती. ती जिवंत आहे. तिचं पत्र आलंय." आईचा हात थांबला नाही. दांडका वर गेला, खाली आला. मग ती म्हणाली, "माहीत आहे."

मला समजेना. ती म्हणाली, "पाणी तू ओतत होतीस, आंघोळ मी घालत होते. मी जिला दूध पाजलं तिचे पाय मला कळणार नाहीत? त्या पोरीचा अंगठा वेगळा होता. तिला मूल झालेलं होतं, पोटावर दिसत होतं." मी विचारलं, मग माझीच आहे असं का म्हणालीस. तिनं सोडण उलटं केलं, पुन्हा बडवायला लागली. "ती पोरगी माझा कांगा नेसून माझ्या दारी आली. तिला कुणी नव्हतं. आणि जिवंत असून न येणाऱ्या मुलीला मी कुठं पुरायचं होतं, तू सांग."

तू पत्रासोबत पाठवलेला मुलांचा फोटो मी तिच्यापुढे धरला. तिनं हात कापडाला पुसले आणि तो घेतला. बराच वेळ पाहिला. "धाकट्याचं कपाळ तुमच्या वडिलांसारखं आहे," म्हणाली. "फार गोरा आहे. उन्हात भाजेल." आणि फोटो मला परत दिला. तो ठेवून घेतला नाही. मी म्हटलं, "आई, तिला एक दिवस घरी यायचंय." तर म्हणाली, "कुठल्या घरी? या घरातली मुलगी कबरस्तानात आहे. गावानं तिला खांदा दिलाय, माझ्यासाठी रडलंय. आता मी दारात उभी राहून लोकांना कोण आली म्हणून सांगू? बेटावर किनारे पुष्कळ आहेत. तुला ठाऊक आहेत, तिला सांग." मी त्या दिवशी तिच्याशी भांडले. खूप वाईट बोलले. तिनं ऐकून घेतलं आणि संध्याकाळी माझ्यासाठी नीरफणस भाजून ठेवला.

तेव्हा घरी येऊ नकोस. मी लपूनछपून तिकडे येऊन तुला भेटेन असंही तुझ्या मनात येईल. मी येणार नाही. निघताना आईला काय सांगू? माकामेला काही कळू देऊ नकोस, त्याच्या होडीत बसशील तेव्हा डोक्यावरून कापड घे, त्याच्याशी आपल्या भाषेत बोलू नकोस. तो तुला गोऱ्याची शहरातली बायको समजेल.

हे सगळं तुला लिहायची मला हिंमत नव्हती. दोन ओळींत किनारे कळवून मी गप्प बसले असते. पण काल नमाज झाल्यावर आई चटईवरून उठेना. मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "मी मेले की मागं तुझ्याशिवाय कुणाला हे माहीत असणार नाही. शेखनं त्या पोरीला भलत्याच नावानं हाक मारली आणि मी मारू दिली. मीही रोज दुवेत भलतंच नाव घेते. ती आत पडून ऐकत असेल आणि आपल्याला कधी बोलावतात याची वाट बघत असेल. लिही तिला, माझा कांगा तिनं कुणाला दिला ते विचार." म्हणून हे पत्र. हॉटेलात तुझ्याबरोबर काम करणारी कुणी असेल, निघताना खोली आवरताना तू तिच्या हाती दिला असशील. आठवून बघ. तिचं नाव कळव, आणि तिच्या आईचं नाव माहीत असेल तर तेही. तिची आईसुद्धा कुठल्यातरी धक्क्यावर मासळीचा भाव विचारत उभी असेल. तुझ्याबद्दल आपल्या आईनं काहीच विचारलेलं नाही.

तुझीच ताई,
हिदाया