दाराकडे तोंड केलेले मेंढपाळ

प्रिय ठिणगी,

आज आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांतला, तिसरा रविवार. चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेत गुलाबी मेणबत्ती पेटवायचा मान या वेळी मला मिळाला. एकतीस वर्षं बंबाची गाडी चालवून आगी विझवत फिरलेल्या माणसाच्या हातात काडेपेटी दिलेली बघून मागच्या बाकावरच्या शिंपीणबाई खुदकन हसल्याच. तुझ्या आईनं तर आधीच बजावलं होतं, पेटवून गप या परत, सवयीनं फुंकर मारू नका. पहिल्या काडीत पेटली, हे मुद्दाम कळवतो.

तू आईला लिहिलेलं पत्र तिनं मला दाखवलं. रागावू नकोस, तिच्या पोटात काही राहत नाही हे तुला ठाऊकच आहे. अग्निशमन केंद्रात लागून चौदा महिने झाले, मोठी आग एकही नाही. पडलेली झाडं उचलायची, गटारात अडकलेलं मांजर काढायचं, बाकी नुसतं बसून आगीच्या वर्दीची घंटा वाजायची वाट बघायची. त्यापेक्षा विमा कचेरीतली नोकरी बरी, आणि नाताळच्या आत त्यांना होकार कळवायचा आहे, असं तू लिहिलंस. आयुष्य वाट बघण्यातच गेलं तर काय, असंही लिहिलंस. ते वाक्य मी तीनदा वाचलं. उत्तर द्यायला आठवडा लागला, कारण मध्ये माझी एक फजिती झाली.

चर्चमधला नाताळचा गोठा मांडायचं काम यंदा माझ्याकडे आलं. मी मन लावून मांडला. गवत पसरलं, गव्हाण रिकामी ठेवली, कारण बाळ तिथे नाताळलाच यायचं. मरिया, योसेफ, तिन्ही मेंढपाळ, बैल, गाढव, सगळे जागच्या जागी. दोन पावलं मागे सरून बघितलं, झकास वाटलं. तेवढ्यात तुझी आई आली आणि कपाळाला हात लावून उभी राहिली. झाडून सगळ्यांची पाठ गव्हाणीकडे आणि तोंडं चर्चच्या दाराकडे! बैलसुद्धा निघायच्या तयारीत. अहो, हे मेंढपाळ आहेत की पळपुटे, म्हणाली. देवाशपथ, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. गाडी केंद्रात उलटी लावायची, म्हणजे वर्दी आली की सरळ बाहेर. तसंच घरात बूट दाराकडे, सायकल दाराकडे, तुझं शाळेचं दप्तरही दाराकडे. हाताला दुसरं वळणच नाही.

आवाज ऐकून फादर आले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. ते गोठ्यापाशी वाकले आणि म्हणाले, राहू द्या असंच. आज प्रवचनात त्यांनी सगळ्यांना तो गोठा दाखवला. बाळ एकदा येऊन गेलं हे आपल्याला पाठ आहे, म्हणून आपण गव्हाणीकडे बघत बसतो, म्हणाले. पण प्रभू परत येणार हे ज्यानं खरं धरलं, त्याचं तोंड दाराकडेच असणार. त्याच्या येण्याची घटका कुणाला ठाऊक नाही. धाकानं नव्हे, आपलं माणूस येणार आहे म्हणून जागे राहा. आणि मग सरळ माझ्याकडे बोट! सगळं चर्च वळून बघत होतं. घरी येईपर्यंत माझी मान काही खाली आली नाही.

बढाई झाली. आता जे तुला कधी सांगितलं नाही ते सांगतो. बूट दाराकडे ठेवायची सवय नोकरीनं लावली असं घरात सगळे समजतात. तसं नाही. तू सात वर्षांची होतीस. सहा आठवडे एकही वर्दी नव्हती, सगळे सुस्तावलो होतो. एका सकाळी पाळी बदलताना आधीच्या ड्रायव्हरनं सांगितलं, पाण्याची टाकी भरलेली आहे, कर सही. वर चढून झाकण उघडून बघणं माझं काम. मी खालूनच सही केली. दुपारी सुताराच्या कारखान्याला आग लागली. आम्ही चार मिनिटांत पोचलो आणि टाकी निम्मीच निघाली. दुसरी गाडी येईपर्यंत छप्पर बसलं. सुतार हत्यारं वाचवायला आत गेला होता. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. घरातले बूट दाराकडे वळले ते त्या रात्रीपासून.

चौकशीत मी खरं ते सांगितलं. माझी बढती थांबली, ती रास्तच होती. घरी मात्र, साहेब वाकड्यात शिरलाय, एवढंच म्हणालो. तुझी आई कित्येक वर्षं त्या बिचाऱ्या साहेबाला शिव्या देत होती. फादरांपाशी पापनिवेदन केलं, मग धीर गोळा करून सुताराकडे गेलो. पहिल्या खेपेला त्यानं दार उघडलं नाही. तिसऱ्या खेपेला उघडलं. चर्चमधला तो लाकडी गोठा त्यानं डाव्या हातानं केलेला आहे. आणि यंदा तो मांडायला माझं नाव कुणी सुचवलं, माहीत आहे? त्यानंच.

आता हे पत्र का लिहिलं ते. गेल्या महिन्यात डोळे तपासायला तुझ्या गावी आलो होतो. लवकर सुटलो, म्हणून तुझ्या केंद्रासमोरच्या चावीवाल्याच्या दुकानात येऊन उभा राहिलो. तुमची पाळी बदलत होती. जाणारा ड्रायव्हर ओरडला, टाकी फुल्ल आहे गं, कर सही, कशाला वर चढतेस? तू हसलीस, काहीतरी टोमणा मारलास आणि चढलीस. झाकण उघडून हात आत घातलास. खाली उतरलीस तेव्हा बाही कोपरापर्यंत ओली होती. मग सही केलीस. मी बघतोय हे तुला ठाऊक नव्हतं, आणि माझी गोष्टही ठाऊक नव्हती. चावीवाल्यानं विचारलं, ओळखीची आहे का? मी म्हणालो, माझी मुलगी आहे, आणि इतक्या मोठ्यानं म्हणालो की त्याच्या हातातली कानस खाली पडली. तुला भेटलो नाही, कारण डोळ्यांत औषध घातलं होतं असं समज. नोकरीचं तुझं तू ठरव. कचेरीत गेलीस तरी माझी मान आहे तेवढीच ताठ राहील. पण चौदा महिन्यांत काही घडलं नाही असं पुन्हा लिहू नकोस. रोज सकाळी घडतंय, मी पाहिलंय. प्रवचन झालं, तेव्हा उद्या गोठ्यातली मंडळी गव्हाणीकडे वळवायची आहेत. एक मेंढपाळ मात्र दाराकडेच ठेवणार आहे, फादरांनी परवानगी दिली आहे. तो कोण, हे मला आणि सुताराला माहीत आहे, आणि आता तुलाही.

तुझाच, अजून सगळं उलटं लावणारा,
बाबा