नदीवरच्या हंड्याला हात लावू नये

आदरणीय किथोमेमामांना,

भाचा मुथियानीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? शेळ्या? इकडे सगळे सुखरूप, तुमची लॉरीसुद्धा. (ती सध्या फारच कामात आहे.)

तुम्ही सांगितलंत तसा भर दुपारी, बायका शेतात असतील अशा वेळी, ड्रायव्हर चारोला घेऊन विकायची वाळू भरायला गावच्या नदीवर गेलो. (वाटेत बैलांचा बाजार लागला. एक तांबडा बैल असा होता की... असो.) कोरड्या पात्रात उतरतो तर चाळीस बायका दगडी बांध घालतायत! पाऊस गेली चार वर्षं रुसलेला. बांधामागे वाळू साठेल, वाळूत पाणी मुरेल, तेच उन्हाळाभर प्यायचं. वाळू गेली की पाणी गेलं. (हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तुमच्यासमोर उभा राहिलो की आठवत नाही.)

आम्हाला बघून त्या लॉरीपुढे फतकल मारून तुरी सोलायला बसल्या. चारोने हॉर्न वाजवला, तर त्या ठेक्यावर गाऊ लागल्या! आणि म्होरकी कोण? आमची आई, तुमची थोरली बहीण! जिला म्हाताऱ्यांनी बैठकीच्या झाडाखाली कधी बसू दिलं नाही, तिच्या एका बोटावर चाळीस पहारी उठत होत्या आणि तेच म्हातारे मुकाट दगड वाहत होते. मामा, मी मोम्बासाच्या बंदरातल्या क्रेन पाहिल्यात, पण असा आ कधी वासला नव्हता.

त्या उघड्या तोंडानेच घात केला. आई म्हणाली, "भूक लागली असेल रे लेकरा." हंड्यात मका-घेवड्याचा मुथोकोई रटरटत होता. मी दोन वाडगे हाणले, चारोने तीन. (तो किनाऱ्याकडचा, त्याला आमची रीत काय माहीत! मला माहीत होती, पण वास आला.) तोंड पुसतोय तोच एक आजी हसली, "कामावरचा हंडा चाटलात ना? आता बांध पुरा होईस्तोवर दगड उचला!"

"आजी, मी ड्रायव्हर आहे हो," चारो म्हणाला.

"मग लॉरीनं उचल, मेल्या!"

आज एकविसावा दिवस. बांध छातीपर्यंत आलाय. काल आईने त्याच्यामागे हातभर वाळू उकरली. तळाशी ओल आली, मग पाणी. चाळीसही जणी ओंजळी घेऊन पुढे सरसावल्या. मीसुद्धा, पुन्हा तोंड उघडं ठेवूनच.

आपला,
मुथियानी

ता. क. डिझेल संपत आलंय. दोन पिंपं धाडा.

आणखी ता. क. लॉरी सोडवायला येणार असाल, तर घरून जेवून या. इथं घोटभर पाणीही घेऊ नका.

शेवटचा ता. क. वरचं आईने वाचलं. म्हणते, धाकट्याला लिही, याच नदीच्या पाण्यावर वाढलायस. तुझं जेवण केव्हाच झालंय. पहार घेऊन ये.