धोक्याच्या यादीतून काढलेला लघुग्रह परत घेण्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
पृथ्वीजवळील लघुग्रह विभाग,
शासकीय वेधशाळा.

विषय: आपण निर्धोक ठरवलेला लघुग्रह निदान काही काळ धोक्याच्या यादीत परत घेण्याबाबत.

संदर्भ: आपली दोन प्रसिद्धिपत्रके. पहिले घाबरवणारे, दुसरे धीर देणारे.

महोदय,

१. अर्जदार घड्याळे दुरुस्त करतो. वडिलांनी मागे ठेवलेल्या दुकानात मधोमध फळ्यांची भिंत आहे. तिच्या डावीकडे अर्जदार बसतो आणि उजवीकडे त्याचा थोरला भाऊ लोकांचे अर्ज टाइप करतो. टंकयंत्राच्या दणक्यांनी अर्जदाराच्या टेबलावरचे बारीक स्क्रू उड्या मारत. त्यावरून शब्दाने शब्द वाढला, भिंत उभी राहिली आणि बोलणे कैक वर्षे बंद पडले. परिसरात दुसरा टंकलेखक नसल्याने प्रस्तुत अर्जही त्याच भावाकडून टाइप करून घेतला आहे. मसुदा फळीखालून सरकवला.

[टंकलेखकाची टीप: गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. आले तसे टाइप करतो आहे. "दणक्यांनी" हा शब्द अर्जदाराचा.]

२. इमारतीएवढा एक दगड काही वर्षांनी पृथ्वीवर आदळण्याची थोडीशी शक्यता आहे, असे आपण पहिल्या पत्रकात कळवले. त्या दुपारी फळीवर टकटक झाली. "अरे, वाचलंस का?" अर्जदाराने विचारले, "कोण?" "कोण काय कोण? दादा!" संध्याकाळपर्यंत मधली एक फळी निघाली. त्या फटीतून पुढे रोज चहा आणि वर्तमानपत्र ये-जा करू लागले.

३. आपण दगडाचे वेध घेत गेलात आणि शक्यता कमी होण्याऐवजी वाढत गेली. दादा घाबरला. अर्जदाराने त्याला समजावले, की उडालेला स्क्रू शोधताना जसजशी जमीन झाडून होते, तसतसा उरलेल्या कोपऱ्यावरचा संशय वाढतो. मग बरेचदा तो स्क्रू आपल्या बाहीतच सापडतो. वेधशाळेचेही तसेच. दगड जिथून जाऊ शकेल ती जागा आकसत जाते, पण पृथ्वी अजून त्या जागेत असते. दादा म्हणाला, "म्हणजे हा दगड तुझ्या बाहीत निघणार म्हण की!" दोघे पोट धरून हसले. ज्या दिवशी शक्यता वाढे, त्या दिवशी दादा बिस्किटांचा पुडाही आणी.

४. त्यानंतर आपल्या शास्त्रज्ञांना आकाशाच्या जुन्या छायाचित्रांत हाच दगड ठिपक्याएवढा सापडला. तेव्हा तो कोणाच्या ध्यानात आला नव्हता. त्यावरून कक्षा पक्की झाली आणि पृथ्वी वाचली. याबद्दल अर्जदार आपले अभिनंदन करतो. परंतु दुसऱ्याच दिवशी फळी पुन्हा ठोकण्यात आली. कारण समजलेले नाही.

[टीप: कारण चांगले समजलेले आहे. पत्रक वाचून अर्जदार म्हणाला, "चला, जग वाचलं. आता बडव तुझा तो डबा पुन्हा!" वडिलांनी घेऊन दिलेल्या यंत्राला डबा म्हणाला.]

५. (वरील टीप टंकलेखकाने मोठ्याने वाचत टाइप केली, म्हणून हा परिच्छेद चिठ्ठीने मागाहून दिला आहे.) अर्जदार गमतीत बोलला होता.

[टीप: गंमत करणारा माणूस हसतो.]

६. (दुसरी चिठ्ठी.) डोळ्याला भिंग लावले असता हसता येत नाही. भिंग पडते. हे दादाला ठाऊक असायला हवे.

७. सबब विनंती, की सदर लघुग्रह यादीत परत घ्यावा. ते नियमात बसत नसल्यास दुसरा एखादा द्यावा. आपल्याकडे हजारोंनी आहेत असे कळते. कोणाला इजा नको, नुसता संशय पुरे. चहा अर्जदार अजूनही दोघांपुरता करतो आणि एक पेला फळीपाशी गार होतो. डब्याबद्दल अर्जदाराचे चुकले.

[टीप: येथे यंत्र थांबले होते. यंत्रात बिघाड नाही.]

[टीप: परिच्छेद ७ मधील विनंती रद्द समजावी. त्या दगडाला त्याच्या वाटेने सुखाने जाऊ द्यावे. "चुकले" असे अर्जदाराने फळीआडून तोंडीही सांगितले. ऐकू आले नाही म्हणालो, तर पुन्हा, जास्त मोठ्याने सांगितले. यंत्राखाली आता ब्लँकेटची घडी घातली आहे. तरीही स्क्रू उडालाच, तर दोघे मिळून शोधू. आधी बाही बघू.]

आपला नम्र,
अर्जदार, घड्याळवाला

टाइप करणार व सहमत: त्याचा दादा

दिनांक: आजचाच. दोघांचा चहा गरम असताना.

सोबत:
१. दोन्ही प्रसिद्धिपत्रकांची कात्रणे.
२. फळीचे खिळे, सर्व. कृपया परत पाठवू नयेत.