नांगरलेल्या बांधीतून

प्रिय धुरपता,

हसू आलं असेल. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण मी तुला कधी प्रिय म्हटलं नाही. 'ऐकलं का' आणि 'अवं' एवढ्यावरच आपला संसार निभला. पण कागद समोर आला की शाळेतले गुरुजी आठवतात, आणि पत्राच्या वर प्रिय लिहायचंच असतं. हे पत्र घेऊन आपले जावई आलेत. वीरेंद्रजींना मी बजावून पाठवलंय, की तुझं वाचून होईपर्यंत त्यांनी एक शब्द बोलायचा नाही. तूही त्यांच्या तोंडाकडे बघत बसू नकोस आणि खोदून खोदून विचारू नकोस. अधिक महिन्यात जावई येतो तो पाटावर बसून अनारसे खायला, या बिचाऱ्यांना टपाल आणावं लागलं. त्यांना तुझ्या मनिरामभाऊंच्या ओसरीवर बसव, पाणी दे, आणि आत जाऊन हे सगळं ओळीने वाच. आधी शेवटचं पान बघायची तुझी खोड आज बाजूला ठेव. मला तुझ्याकडून काय पाहिजे ते मी लपवत नाही, पहिल्याच पानावर सांगतो. तू आज जेवली पाहिजेस. बाकी सगळं त्यासाठीच लिहितोय.

फोन का केला नाही, असं म्हणशील. दरेकशाला डोंगराआड रेंज कशी येते-जाते ते तुला ठाऊक आहे, आणि लागलाच तर भाऊ सांगतात, 'ताईचं मौन आहे जी, आज बोलत नाही.' गेल्या आठवड्यात तू एकदा आलीस फोनवर, तर माझ्या दहा वाक्यांना 'हो' आणि 'बरं' एवढंच. भिंतीशी बोललो असतो तर भिंतीने यापेक्षा जास्त दाद दिली असती.

घरचं म्हणशील तर ऊन भारी आहे. तलाव पार खाली गेलाय, मधल्या डबक्यात म्हशी बसतात तेवढंच पाणी. आमच्या पणज्याने बांधलेली पाळ यंदा पुन्हा एका जागी खचली. मी आणि शेजारच्या टेकचंदने माती टाकली. टेकचंदची घरवाली कधीमधी भाजी आणून देते. भात मी शिजवतो, आणि कसा शिजवतो ते विचारू नकोस. तुझी तुळस जिवंत आहे. तू गेल्यापासून घरात चूल पेटते रोज, पण कुणी मला विचारत नाही की वरण हवं का. याची सवय लागत नाही, हे सरळच सांगतो.

तू गेलीस त्या दिवशी मी ताट आपटलं होतं. त्याचा मला आजही पस्तावा नाही. मी काय चुकीचं बोललो होतो? एकादशी दोन, प्रदोष दोन, संकष्टी, पुनव, अमावास्या, सगळे सोमवार, सगळे गुरुवार, त्यात नवरात्र, त्यात चातुर्मास. लोक भिंतीवर कॅलेंडर लावतात ते सिलिंडर कधी आलं हे लिहायला. आपल्या कॅलेंडरवर तू लाल पेनाने गोल करत गेलीस, आणि एक दिवस मी बघितलं तर बिनगोलाचा दिवस शोधावा लागत होता. आधी मी थट्टा करायचो. तव्यावर भगरीचं धिरडं दिसलं की म्हणायचो, आज कोणत्या देवाची पाळी आहे? तूही हसायचीस. मग भगर गेली, मग दूध गेलं, मग पाणीही गेलं. रीता माहेरी आली की तुझे ब्लाऊज आत घालून द्यायची. शेवटी शेवटी शिवणीत कापड जास्त आणि बाहेर कमी झालं होतं. यंदा अधिक महिना आला तेव्हा तू म्हणालीस, महिनाभर एकवेळ आणि तिथीला निर्जळी, आणि तेही घरी नाही, भावाकडे, दरेकशाच्या महादेवाजवळ. कशासाठी, तर रीताचं सातव्या महिन्यात आलेलं पोट सुखरूप राहावं म्हणून. मी म्हटलं, पोरीसाठी करायचंच तर तिच्याजवळ जाऊन राहा, तिला चार घास खाऊ घाल. तू ऐकलं नाहीस. मग ताट आपटायचं राहिलं होतं, ते आपटलं.

पण मला माहीत आहे हे सगळं कुठून सुरू झालं. आपण दोघं त्याबद्दल कधीच बोललो नाही. आपल्या गुड्डूचं नाव घरात निघालं की तू पदर सावरून उठायचीस आणि मी बैलांकडे जायचो. आज मी ते बोलणार आहे, उठू नकोस.

ती कमरछठ होती. त्या दिवसाचे नियम मी तुला काय शिकवणार? लेकरांच्या आयुष्यासाठी आईने धरायचा उपास, नांगराने पिकलेलं काही खायचं नाही, तलावात आपोआप उगवलेलं देवधान आणि म्हशीचं दही तेवढं चालतं, आणि नांगरलेल्या जमिनीवर पाय ठेवायचा नाही. तुम्ही बाया पाळेवरच्या मोहाखाली पूजेला बसल्या होत्या. मी खत आणायला तिरोड्याला गेलो होतो. पोरं खेळत खेळत तलावाच्या तुडुमाकडे गेली, जिथून पाणी भाताच्या बांध्यांत सोडतात तिथे, आणि कुणीतरी ओरडलं की गुड्डू पाण्यात गेला. पाळेवरून तिथे जायचं तर सगळा वळसा. मधे आपल्या बांध्या, नांगरलेल्या, चिखल केलेल्या, रोपं लावून रोवणा झालेल्या. तू सरळ बांधीत उतरलीस. बाकीच्या बाया पाळेवरून धावल्या, तू चिखलातून धावलीस, आणि सगळ्यांच्या आधी पोचलीस. तूच त्याला बाहेर काढलंस.

मी आलो तेव्हा तू ओसरीवर बसली होतीस, गुड्डू तुझ्या मांडीवर. तिरोड्याच्या दवाखान्यात तो गेला, तिथून परत आणला होता. गुडघ्यापर्यंत तुझ्या पायांवर चिखल वाळला होता. आणि आमची आई, यशोदाबाई, पोराकडे बघत नव्हती, तुझ्या पायांकडे बघत होती. 'काऊन वं, नांगरल्या बांधीतून आलीस तू? आजच्या दिवशी?' एवढंच म्हणाली. माझ्या आईला मी वाईट म्हणणार नाही, तिची स्वतःची दोन लेकरं लहानपणी गेली होती आणि त्याचंही तिने असंच कुठेतरी आपल्याच पदरात पाप बांधून घेतलं होतं. पण तिचं ते वाक्य तू गिळलंस, आणि त्यानंतर तुझ्या पोटात दुसरं काही गेलंच नाही.

तुला सांगतो, एकदा माझ्या मनात आलं होतं की तुला खोटं सांगावं. म्हणावं, धुरपता, त्या साली ती बांधी मी नांगरलीच नव्हती, पाणी पोचत नव्हतं म्हणून पडीत ठेवली होती, तुला दिसलं ते आपोआप उगवलेलं गवत. म्हणजे तुझा नियम मोडलाच नाही. वाक्यं तयार होती. पण तुझ्या हाताने तिथे रोवणा झाला होता, तू हसली असतीस मला. बांधी नांगरली होती. मीच नांगरली होती, याच हातांनी. तू नियम मोडलास, हे खरं आहे. आणि मी म्हणतो, बरं केलंस. पाळेवरून गेली असतीस तर तो तुला थंडगार सापडला असता. तू चिखलातून गेलीस म्हणून त्याने डोळे उघडले, तुला आई म्हणाला, आणि रिक्षात तिरोड्यापर्यंत तुझं बोट धरून होता. हे तूच मला सांगितलं होतंस, त्या एकाच दिवशी, मग कधी नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या बांधीवर गेलो होतो. तू पळालीस तिथली रोपं दबून गेली होती आणि मोहाच्या झाडापासून तुडुमापर्यंत एक ओळ दिसत होती. कुठे वळली नव्हती, कुठे थांबली नव्हती. एवढी सरळ ओळ मला बैल घेऊन कधी काढता आली नाही. त्या साली मी ती पुन्हा रोवली नाही, तशीच ठेवली, कापणीपर्यंत. रोज जाऊन बघायचो. मला वाटायचं, देव असेल तर त्याने ही ओळ बघितली असेल, आणि त्याला तुझे पाय बाटलेले दिसले असतील तर त्या देवाशी माझं काही देणंघेणं नाही. हे मी तेव्हाच तुला सांगायला पाहिजे होतं की नाही, ते मला माहीत नाही. आज सांगितलं.

आता रीता. ती तेव्हा दहा वर्षांची होती आणि दाराआड उभी राहून तिने आजीचं बोलणं ऐकलं होतं. तिने तुझ्याकडून स्वयंपाक उचलला नाही, ती अजून मला विचारते की आंबिलीत मीठ कधी टाकू. पण उपास तिने सगळे उचलले. तू दरेकशाला गेलीस तसा सासरी दवनीवाड्याला तिनेही अधिक महिना धरला, सोमवार निर्जळी. तिथे कुणी सांगितलं नव्हतं, तिची सासू उलट ओरडत होती. ती म्हणायची, आई करते ना माझ्या लेकरासाठी, मग मी कशी खाऊ.

धुरपता, आता खाली बस, आणि भिंतीला टेक. हे पत्र मी घरून लिहीत नाही, गोंदियाच्या एका दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितोय. रीताचं बाळ गेलं. परवा, मंगळवारी. रीता आहे, ती वाचली आहे, हे दोनदा वाच. सोमवारी दुपारी उन्हात तिला चक्कर आली, तिची जाऊ चंदा धावली, तिने साखरेचं पाणी तोंडाला लावलं आणि रीता ते प्यायली. दुसऱ्या दिवशी पोटात दुखायला लागलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, बाळाची वाढ आधीपासूनच थांबली होती, पाणी प्यायल्याने जगात कुणाचं बाळ जात नाही. रिकाम्या पोटाबद्दलही त्या काही बोलल्या, ते मी आज लिहीत नाही. पण रीता कुणाचंच ऐकत नाही. तोंड भिंतीकडे करून पडली आहे, परवापासून घास नाही, सुया काढून टाकते. मी भाताचं ताट घेऊन गेलो तर म्हणाली, 'मी पाणी पेली ना बाबा. आईनं पेली नसती.' आणि चंदा बाहेर बाकावर बसून रडते आहे, की माझ्या हाताने झालं.

म्हणून हे पत्र. तुला नुसती बातमी कळली असती तर तू महादेवापुढे बसली असतीस, रीतासाठी नवा नवस बोलली असतीस, आणि आणखी एक लाल गोल. नवस बोलू नकोस. पोरीला एवढंच पाहिजे की कुणीतरी म्हणावं, तुझा दोष नाही. मी म्हटलं, वीरेंद्रजींनी म्हटलं, डॉक्टरांनी म्हटलं. ती फक्त तुझ्या तोंडून ऐकेल. पण ती तुझ्या तोंडाकडे बघेल, धुरपता, आणि ते वाळलेलं दिसलं तर तिला कळेल की आई स्वतःच यावर विश्वास ठेवत नाही. वीरेंद्रजींच्या पिशवीत डबा आहे. भात, वरण, भेंडीची भाजी. चंदाने रांधलंय, रडत रडत, मीठ जास्त झालं असेल. तिच्या हातचं खा, सगळं खा, त्यांच्या समोर बसून, म्हणजे तेही जाऊन रीताला सांगतील. मग काय रडायचं ते रड, आणि दुपारच्या गाडीत बस. मी गोंदियाच्या स्टेशनवर उभा आहे. आज एकादशी आहे, मला माहीत आहे. जेव.

तुझाच,
चैतराम