अनिमेषचा आधार

६ जुलै २०२५, रविवार. सायं. ५.४०
अनिमेषला निवासी शाळेत जाऊन तीन आठवडे झाले. शाळा कल्याणच्या पुढे, मुरबाड रस्त्याला. मानपाड्याच्या आमच्या घराहून फार लांब नाही. परंतु नववीतल्या मुलाचा आत्मविश्वास आईच्या पदराआड वाढत नाही, हे माझे ठाम मत. वसतिगृहातून दर रविवारी फोनला दहाच मिनिटे मिळतात. आज अजेंडा केला होता: अभ्यास चार मिनिटे, आहार दोन, मनोधैर्य तीन, संकीर्ण एक. त्याची उत्तरे: हो, बरं, हो. पाचव्या मिनिटाला म्हणाला, आईला द्या; फोन सुमेधाकडे गेला. मनोधैर्य राहून गेले. सबब, पुढील रविवारी तो विषय प्रथम.

९ जुलै, बुधवार
शाळेचा फॉर्म आला. मुलांच्या आत्मसन्मानाविषयी काही उपक्रम. रकाना ४: 'पाल्याचा आधार'. बारा आकडे सुवाच्य लिहिले. स्वसाक्षांकित झेरॉक्स, दोन प्रती. इतर पालक एकच लावतील.

१४ जुलै, सोमवार. दु. १२.१०
(कालचा फोन चौथ्या मिनिटाला सुमेधाकडे.)
समुपदेशक ऋजुता मॅडमचा ऑफिसात फोन. रकाना ४ मध्ये माणसाचे नाव हवे होते म्हणे; मुलगा ज्याच्यापाशी मन मोकळे करतो त्याचे. मी म्हणालो, ड्राफ्टिंग सदोष आहे. कोणीही सुज्ञ पालक नंबरच लिहील. त्या म्हणाल्या, आतापर्यंत तुम्हीच. तत्काळ तोंडी दुरुस्ती दिली: माझे संपूर्ण नाव. त्या म्हणाल्या, मुलांनीही तोच फॉर्म भरलाय. अनिमेषने लिहिलंय, 'मंजुळामावशी, मेस'.
क्लेरिकल चूक असावी. सुमेधाला सांगितले. ती पोळ्या लाटत राहिली.

१९ जुलै, शनिवार. रात्री ८
पालकभेट. सहा मुद्दे लिहून नेले. सदर चूक दुरुस्त करून घेणे, हा पहिला. अनिमेष मेसच्या पायरीवर मंजुळामावशींजवळ बसून लसूण सोलत होता आणि बोलत होता. सलग. मी मागे उभा. ऐकण्याचा हेतू नव्हता. डॉर्मिटरीतली मुले त्याला 'सबब' म्हणतात. बोलताना तो शब्द त्याच्या तोंडून जातो, म्हणून. पहिले दोन आठवडे तो पांघरुणात रडत असे. आता हाक आली की स्वतःच म्हणतो, "सबब हजर आहे." ही युक्ती मावशीची. दोघे हसले. तो इतके हसतो, याची मला कल्पना नव्हती.
तेवढ्यात बाईंनी मला पाहिले. म्हणाल्या, "अनिमेषचे पप्पा काय तुम्ही? पोरगा बोलतो, आमच्या घरी बोलायचं पण टाइमटेबल हाय."
अनिमेष उभा राहिला. हात पुसले. म्हणाला, "सगळं ठीक आहे, बाबा."
मी सहाही मुद्दे वाचले. हो, बरं, हो, बरं, हो. सहाव्याला नुसती मान.
परतीच्या एसटीत ठराव: यापुढे अजेंडा नाही. आपण बोलायचे नाही, फक्त ऐकायचे. त्याला दहाही मिनिटे मोकळी. हे एक बाई करू शकते, तर बी.कॉम. माणसाला अवघड नाही.

२० जुलै, रविवार. सायं. ५.३५
फोन ५.२० ला आला. ठरावाप्रमाणे काहीही बोललो नाही. तो "हॅलो" म्हणाला. मग "बाबा?" मग पुन्हा "हॅलो". मी पूर्ण लक्ष देऊन ऐकत होतो. म्हणाला, "आवाज येत नाहीये," आणि ठेवला.
लगेच सुमेधाच्या मोबाइलवर लावला. नऊ मिनिटे बोलला. मी स्वयंपाकघराच्या दाराबाहेर उभा राहून सगळे ऐकले. मध्ये एकदाही बोललो नाही.